उरलेली छटा शेजारच्या ठिपक्याला

माझं छपाईचं काम मनमाडमध्ये सुरू झालं आणि मनमाडमध्येच चालू आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, जयंतीची हँडबिलं, हॉटेलांची बिलबुकं, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं आणि अलीकडे लेझरने कोरलेले दगड, अशी ही कामं. या काळात यंत्रं कितीतरी बदलली. ट्रेडल गेलं, मिनी ऑफसेट आलं, लेझर प्रिंटर आला, थर्मल प्रिंटर आला, कोरीवकामाचं लेझर मशीन आलं. एक गोष्ट मात्र या सगळ्यांत सारखी राहिली. यातल्या एकाही यंत्राला राखाडी रंग येत नाही. शाई लागते किंवा लागत नाही. कागद तापून काळा होतो किंवा होत नाही. दगडावर ओरखडा उमटतो किंवा उमटत नाही. मधलं काही नाही. आणि गिऱ्हाईक घेऊन येतं तो फोटो. स्कॅन केला की त्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्या निघतात.

त्या 256 पायऱ्या दोनवर आणायच्या आणि तरीही माणूस ओळखू आला पाहिजे. या कामाला डिदरिंग म्हणतात. मी ते आधी हाताने आणि डोळ्याने शिकलो, नाव फार पुढे कळलं. या कामाने मला जे शिकवलं ते आता लिहून ठेवावंसं वाटतं, कारण मोबाइलवर लाखो रंगांचे फोटो पाहत वाढलेल्या मुलांना दोन रंगांतली ही ओढाताण ठाऊकच नसते, आणि धंद्यात उतरल्यावर ती पहिल्याच दिवशी समोर येते.

शिकाऊ होतो तेव्हा आधी खिळे जुळवायला शिकलो. फोटोचं काम आमच्याकडे होत नसे. फोटो सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकला जायचा आणि काही दिवसांनी जस्ताचा ब्लॉक लाकडी ठोकळ्यावर ठोकून परत यायचा. रेघांचं चित्र असेल तर लाइन ब्लॉक, फोटो असेल तर हाफटोन. मालकांनी एकदा माझ्या हातात भिंग दिलं आणि हाफटोन ब्लॉकवर ठेवून बघायला सांगितलं. लांबून जो गाल दिसत होता तो जवळून नुसते ठिपके होता. उजेडाच्या जागी बारीक ठिपके, सावलीत मोठे, अगदी काळ्या जागी एकमेकांना चिकटलेले. शाई सगळीकडे तेवढीच काळी होती. फरक होता तो ठिपक्याच्या आकारात. तेव्हापासून छापलेला कुठलाही फोटो मी आधी भिंगातून बघतो.

ही युक्ती जुनी आहे. न्यूयॉर्कच्या एका दैनिकात 1880 साली असा हाफटोन फोटो छापला गेला. पुढे काचेवर बारीक रेषा आखून, दोन काचा काटकोनात चिकटवून जाळी तयार करू लागले. कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे ती धरली की फोटोचे ठिपके व्हायचे. आपल्याकडे कलकत्त्याला उपेंद्रकिशोर राय चौधरींनी या जाळीचं गणित स्वतः मांडलं आणि त्यावरचे त्यांचे लेख इंग्लंडच्या पेनरोज वार्षिकात छापून आले. आमच्या जिल्ह्यातलंही एक मोठं नाव या धंद्यातून गेलं आहे. 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छापखानेवाले होते. लोणावळ्याला त्यांनी कोरीवकामाचा आणि छपाईचा कारखाना काढला होता आणि तिरंगी छपाईसाठी 1909 साली ते जर्मनीला जाऊन आले. पडद्यावरचं चित्र हलवण्याआधी कागदावरच्या चित्रात छटा कशी आणायची याच्याशी त्यांनी झटापट केली होती, हे मला फार जवळचं वाटतं.

कॉम्प्युटर आला तेव्हा वाटलं, आता जाळीचा प्रश्न सुटला. पण तो आमच्या टेबलावर येऊन बसला. आमचा पहिला लेझर प्रिंटर इंचाला 300 ठिपक्यांचा होता. त्यावर बटर पेपरवर प्रिंट काढायची आणि तीच पॉझिटिव्ह म्हणून वापरायची. आता इंचाला 60 रेषांची जाळी हवी असेल तर 300 ला 60 ने भागायचं. जाळीच्या एका घरात पाच बाय पाच, म्हणजे 25 ठिपके मावतात. एकही काळा नाही इथपासून पंचवीसही काळे इथपर्यंत मोजलं तर छटा 26. जाळी बारीक करून 100 रेषांची घेतली तर घर तीन बाय तीनचं होतं आणि छटा उरतात 10. गाल पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेला दिसतो. जाळी जाड केली तर छटा वाढतात, पण ठिपकेच डोळ्यावर येतात आणि पापणी हरवते. बारकावा हवा की छटा, याचा सौदा प्रत्येक फोटोमागे करावा लागायचा. पुढे 600 चा प्रिंटर आला आणि त्याच 60 रेषांना 101 छटा मिळू लागल्या. यंत्र चांगलं झालं म्हणजे सौदा संपला असं नाही, हातातलं भांडवल वाढलं एवढंच.

फोटोशॉपमध्ये फोटो बिटमॅप करायला गेलं की चार-पाच पर्याय समोर येतात. पहिला थ्रेशोल्ड. 128 च्या वर असेल ते पांढरं, खाली असेल ते काळं. सही, शिक्का, रेघांचं चित्र यासाठी तो उत्तम. चेहऱ्याला मात्र तो चालत नाही. सावळ्या माणसाचा चेहरा पूर्ण काळा होतो, गोऱ्याचा पांढरा फटक. दुसरा पॅटर्न, तिसरा डिफ्यूजन, चौथा हाफटोन. हे पर्याय नुसते दाबून बघत राहिलो तर काम निघतं, पण आज चांगलं आलेलं उद्या का बिघडलं ते कळत नाही. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन ते समजून घ्यायला बसलो. माझ्या कामातलं हे पहिलं मोठं वळण.

पॅटर्नमागचं डोकं कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांचं. 1973 साली त्यांनी चार बाय चारच्या चौकटीत 0 ते 15 आकडे एका ठरावीक क्रमाने बसवून दाखवले. पहिल्या ओळीत 0, 8, 2, 10. दुसरीत 12, 4, 14, 6. तिसरीत 3, 11, 1, 9. चौथीत 15, 7, 13, 5. लागोपाठचे आकडे शक्य तितके एकमेकांपासून लांब पडतील अशी ही मांडणी आहे. ही चौकट फरशीसारखी फोटोभर पसरायची आणि प्रत्येक जागी तिथल्या आकड्याच्या प्रमाणात अट लावायची. छटा अटीपेक्षा उजळ असेल तर पांढरा, नाहीतर काळा. हिशेब एवढा सोपा की अगदी लहान यंत्रालाही जमतो. तोटा एकच, की सपाट जागी विणकामासारखी नक्षी दिसते. याच बायर यांच्या नावाची रंगांची मांडणी आज बहुतेक मोबाइल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर असते.

डिफ्यूजन समजलं तेव्हा मात्र मनापासून आनंद झाला. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग या दोघांनी 1976 साली ही रीत प्रसिद्ध केली. एक उदाहरण घेतो. फोटोतल्या एका पिक्सेलची छटा 100 आहे. यंत्राला फक्त 0 आणि 255 येतात. 100 हा 0 च्या जवळ, म्हणून तिथे काळा ठिपका पडणार. पण मग 100 एवढा उजेड कमी दिला गेला. थ्रेशोल्ड तो सरळ बुडवतो. फ्लॉइड-स्टाइनबर्ग बुडवत नाहीत. ते त्या 100 चे सोळा हिस्से करतात. सात हिस्से उजवीकडच्या शेजाऱ्याला, तीन खालच्या ओळीत डावीकडे, पाच थेट खाली आणि एक खाली उजवीकडे. म्हणजे साधारण 44, 19, 31 आणि 6. उजवीकडचा पिक्सेलही 100 चाच असेल तर तो आता 144 होतो. 144 हा 255 च्या जवळ, म्हणून तिथे पांढरा पडतो. आता 111 उजेड जास्त दिला गेला, तर पुढच्यांकडून तेवढा वजा होतो. किराणा दुकानदार पानाची बेरीज संपली की बाकी पुढच्या पानावर ओढतो, ती कधी सोडत नाही, तसा हा हिशेब आहे. एकेका ठिकाणी बघितलं तर प्रत्येक ठिपका चुकीचा. पण थोडं लांबून त्या भागाची सरासरी काढली तर फोटोत जेवढा उजेड होता तेवढाच कागदावर भरतो.

यातून मी एक धडा घेतला आणि तो छपाईपुरता ठेवला नाही. जे एका जागी देता येत नाही ते शेजारी द्यावं, पण टाकून देऊ नये. हातातली साधनं कमी असली की माणूस पटकन म्हणतो, एवढंच जमतं. साधनं कमी असणं वेगळं आणि हिशेब सोडून देणं वेगळं, हे मला त्या सोळा हिश्श्यांनी दाखवलं.

पण गणित कळलं म्हणून कागदावर फोटो चांगला येतोच असं नाही. ते शिकवलं स्क्रीन प्रिंटिंगने, आणि त्यातही मनमाडच्या पाण्याने. आमच्या गावाची पाणीटंचाई सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. नळाला पाणी कितीतरी दिवसांनी यायचं आणि घरोघरी टाक्या, ड्रम भरून ठेवावे लागायचे. स्क्रीन प्रिंटिंगला तर पाणी लागतंच. स्क्रीनच्या जाळीवर कोटिंग लावायचं, वाळवायचं, वर पॉझिटिव्ह ठेवून उजेड द्यायचा आणि मग पाण्याच्या फवाऱ्याने धुवायचं. जिथे उजेड पोचला नाही तिथलं कोटिंग निघून जातं आणि तिथून शाई उतरते. एक स्क्रीन बिघडली की ती पुन्हा साफ करायला पाणी, पुन्हा धुवायला पाणी. उन्हाळ्यात ड्रमाच्या तळाकडे बघत काम करणाऱ्याला ही चैन परवडत नसे. म्हणून पॉझिटिव्ह स्क्रीनवर चढण्याआधीच सगळं बरोबर असलं पाहिजे, ही शिस्त अंगात भिनली.

त्या शिस्तीतून यंत्राचा स्वभाव आधी ओळखायची सवय लागली. जाळीचे धागे आणि हाफटोनच्या रेषा यांचं प्रमाण चुकलं की चित्रावर पाण्यात उठाव्यात तशा लहरी उमटतात. इंचाला साधारण 300 धाग्यांची जाळी असेल तर मी 55 च्या वर रेषा घेत नाही आणि कोन थोडा तिरका ठेवतो. डिफ्यूजनचे सुटे, एकांडे ठिपके तर अशा जाळीत टिकतच नाहीत. अर्धे धाग्याखाली बुजतात, अर्धे धुताना उडून जातात. इथे एकत्र गोळा झालेला, आकाराने वाढणारा हाफटोन ठिपकाच चालतो. त्याउलट चांगल्या इंकजेटवर किंवा लाकडावर लेझरने कोरताना डिफ्यूजन सुरेख येतं. कुठली रीत श्रेष्ठ हा प्रश्न निरर्थक आहे. कुठल्या यंत्रावर एक सुटा ठिपका नेमाने उमटतो, हे आधी विचारायचं.

एप्रिल आला की आमच्याकडे बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीची कामं सुरू होतात. मनमाडला या कामाचं मोल वेगळं आहे. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद याच गावात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी रेल्वेत काम केलं अशी कुटुंबं अजून इथे आहेत. त्यांच्यासाठी तो फोटो म्हणजे सजावट नव्हे. आणि काम बहुतेक वेळा एका निळ्या शाईत, कापडी फलकावर किंवा स्वस्त कागदावर. निळी शाई काळ्यापेक्षा उजळ, त्यामुळे सगळ्यात गडद आणि सगळ्यात फिकट यांतलं अंतर आधीच कमी. त्यात चष्म्याची चौकट. चेहऱ्यावर जाळी पडली की ती बारीक गोल रेघ ठिपक्यांत तुटते आणि चष्मा गेला की चेहरा परका होतो.

ती कामं करताना एक पद्धत बसली. चष्म्याची चौकट, भुवया, ओठांची रेघ ही हाफटोनमधून वेगळी काढायची. ती रेषा म्हणून, ठोस शाईत छापायची. गाल, कपाळ, कोट यांना जाळी द्यायची. दोन्ही एकाच पॉझिटिव्हवर जुळवायचं. म्हणजे एकाच चित्रात काही जागांना लाइन ब्लॉकचा न्याय आणि काही जागांना हाफटोनचा. जुन्या ब्लॉकवाल्यांना हे माहीत होतं. कॉम्प्युटरच्या एका बटणाने सगळ्या चित्राला एकच न्याय लागतो, म्हणून तो आपणच वाटून द्यावा लागतो.

आता ज्या कामाने माझी दिशा खऱ्या अर्थाने बदलली त्याकडे येतो. दशक्रियेची पत्रिका. या कामाला उशीर चालत नाही. घरात माणूस गेलेलं असतं, पाहुण्यांना कळवायचं असतं, आणि आलेला तरुण मुलगा किंवा जावई खिशातून एखादा जुना फोटो काढतो. कधी रेशनकार्डावरचा, कधी लग्नातल्या गर्दीतला, कधी आधारकार्डाची झेरॉक्स. अनकाई-टनकाई किल्ल्यांच्या बाजूच्या एका खेड्यातून असंच एक कुटुंब आलं. त्यांची आई गेली होती. फोटो एका ग्रुप फोटोतून कापलेला, चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. मी स्कॅन केला, डाग काढले, मागची माणसं पुसली, चेहरा उजळला, 85 रेषांची जाळी दिली आणि प्रूफ काढून दाखवलं. प्रूफ स्वच्छ होतं. मुलीने ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘भाऊ, आईचं गोंदण तेवढं आलं पाहिजे.’

मी मूळ फोटो पुन्हा भिंगाखाली घेतला. कपाळावर, कुंकवाच्या खाली, हिरवट गोंदणाचे ठिपके होते. स्कॅनमध्ये कपाळाची छटा 150 च्या आसपास, गोंदणाची 125 च्या आसपास. फरक 256 पायऱ्यांतल्या पंचविसांचा. त्यात 85 रेषांच्या जाळीचं एक घर होतं 0.3 मिलिमीटरचं आणि छापील आकारात गोंदणाचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. दोन घरंसुद्धा पुरती त्याच्या वाट्याला येत नव्हती. गणिताच्या दृष्टीने ते गोंदण जवळजवळ नव्हतंच. मुलीच्या दृष्टीने आईची ओळख तिथेच होती.

मग उलटीकडून काम केलं. खांद्यापर्यंतचा फोटो सोडून चेहरा जवळून घेतला, म्हणजे गोंदणाला जास्त घरं मिळाली. गोंदणाचे ठिपके एकेक करून गडद केले, त्यांच्या भोवतीचं कपाळ किंचित उजळलं. कुंकू काळ्या शाईत काळंच येणार, म्हणून त्याच्या आणि गोंदणाच्या मध्ये फिकट जागा राखली. नऊवारीच्या काठाची नक्षी मात्र जाऊ दिली. तिथे हिशेब थोडा बुडाला तरी कुणाचं काही जाणार नव्हतं. दुसरं प्रूफ बघून मुलगी काही बोलली नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, कागद भावाच्या हातात दिला आणि त्याने किती प्रती छापायच्या ते सांगितलं.

त्या दिवसानंतर फोटो हातात घेतला की मी आधी विचारतो, यांची ओळखीची खूण कोणती? उत्तरं फार वेगवेगळी येतात. मिशीचा पीळ, तुटलेला दात, टोपीची घडी, कानातली भिकबाळी, डाव्या भुवईवरचा व्रण. एका निवृत्त गँगमनच्या मुलाने सांगितलं, ‘बाबांच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या काढू नका. उन्हात रुळाकडे बघून पडल्यात त्या.’ असं कळलं की कुठे बारकावा राखायचा आणि कुठे सोडायचा ते ठरतं. डिदरिंगचं गणित सगळ्या पिक्सेलना सारखं धरतं आणि ते त्याच्या जागी योग्यच आहे. बघणाऱ्याला मात्र सगळे पिक्सेल सारखे नसतात. गणित सुरू होण्याआधी ही तफावत आपण भरून काढायची असते.

थर्मल प्रिंटरचं काम याहून तंग. दुकानातल्या बिलाचा लहान प्रिंटर 58 मिलिमीटर रुंद कागद घेतो. त्यातले 48 मिलिमीटर छापता येतात आणि एका मिलिमीटरला आठ ठिपके, म्हणजे पूर्ण रुंदीत 384. महामार्गावरच्या एका हॉटेलच्या मालकाला बिलाच्या माथ्यावर वडिलांचा फोटो हवा होता, कारण हॉटेल त्यांनी उभं केलेलं. चेहऱ्याला मिळाले 200 ठिपके, म्हणजे 25 मिलिमीटर. थर्मल कागदावर शाई नसते, छपाईच्या पट्टीवरचे बारीक बिंदू तापतात आणि कागद तिथे काळा होतो. शेजारशेजारचे बिंदू लागोपाठ तापले की उष्णता पसरते आणि मधली पांढरी जागा भरून येते. म्हणून पडद्यावर नीट दिसणारा फोटो बिलावर काळवंडतो. त्यासाठी मधल्या छटा आधीच बऱ्याच उजळून घ्याव्या लागतात. मागची भिंत राखाडी होती, तिथे डिफ्यूजनच्या वळवळत्या रांगा उठत होत्या. ती भिंत पूर्ण पांढरी केली.

त्या कामाला मला बिल अ‍ॅटकिन्सन यांची रीत उपयोगी पडली. ते अ‍ॅपलमध्ये होते. 1984 च्या पहिल्या मॅकिंटॉशचा पडदा 512 बाय 342 ठिपक्यांचा, आणि त्यालाही काळा-पांढरा एवढेच रंग येत. अ‍ॅटकिन्सन उरलेल्या छटेचे आठ हिस्से करतात, सहा शेजाऱ्यांना एकेक देतात आणि दोन सोडून देतात. म्हणजे हिशेब मुद्दाम अपुरा ठेवतात. त्यामुळे फिकट जागा स्वच्छ पांढऱ्या राहतात, गडद जागा ठाम काळ्या होतात, आणि लहान, खरखरीत माध्यमावर चेहरा उठून दिसतो. सगळी बाकी पुढे ओढावी हा माझा नियम, पण ज्या कागदाला ती पेलत नाही तिथे थोडी सोडणं हेही ज्ञान आहे. मालकाने बिलावरचा फोटो बघितला आणि तो गल्ल्याच्या काचेखाली ठेवला. थर्मलचा काळा कालांतराने फिका पडतो, म्हणून काचेखाली ठेवायला मी त्यांना वेगळी लेझर प्रिंट काढून दिली.

काळ्या ग्रॅनाइटवर सगळं उलटं होतं. चकचकीत काळ्या दगडावर लेझरचा मार बसला की तिथला कण फुटतो आणि जागा पांढुरकी दिसते. म्हणजे यंत्र काळं छापत नाही, उजेड छापतं. लाकडासाठी केलेली फाइल तशीच दगडावर चालवली तर निगेटिव्ह येतं, केस पांढरे आणि चेहरा काळा. फाइल उलटी करणं ही सोपी गोष्ट. अवघड गोष्ट ही, की दगडावरचा ठिपका आपण मागितलेल्या मापाचा येत नाही, तो दगडाच्या कणाप्रमाणे फुटतो. एक मिलिमीटरला दहा ठिपके मागितले आणि प्रत्येक ठिपका दीड पट फुटला तर उजळ भाग पांढऱ्याचा नुसता पट्टा होतो. म्हणून मी त्याच लादीच्या कडेला आधी छटांची पट्टी कोरतो, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दहा घरं. कुठलं घर भरून आलं ते बघतो आणि त्याप्रमाणे फोटोच्या छटा खाली आणतो. मगच चेहऱ्याला हात लावतो. दगडावर पुसता येत नाही.

या सगळ्यातून जे नियम पक्के झाले ते थोडेच आहेत. माप आधी, ठिपके शेवटी. फोटो ज्या आकारात छापायचा त्या आकारात, यंत्राच्या ठिपक्याला ठिपका जुळवून, मग डिदरिंग करायचं. एकदा ठिपके झाले की ती फाइल लहान-मोठी करायची नाही, नाहीतर लहरी उठतात. वर्तमानपत्रातून कापलेला फोटो आला तर त्यात आधीच एक जाळी बसलेली असते. ती मऊ करून घालवल्याशिवाय दुसरी द्यायची नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोपेक्षा घरातला जुना कागद मागून घ्यायचा. आणि बघणारा किती लांबून बघणार ते विचारायचं. नजर चांगली असेल तर माणसाला फूटभर अंतरावरून, म्हणजे 30 सेंटिमीटरवरून, साधारण 0.09 मिलिमीटर एवढं अंतर वेगळं ओळखता येतं. थर्मलचा ठिपका त्याहून मोठा, म्हणून तो दिसतो. चौकातला फलक रस्त्यापलीकडून बघायचा असतो, तिथे मोठा ठिपकाही विरून जातो. छटा कागदावर कधीच नसते, ती बघणाऱ्याच्या डोळ्यात जमते. तेव्हा डोळा कुठे उभा आहे हे ठाऊक असल्याशिवाय छटा ठरवता येत नाही.

दुकानात काम शिकायला मुलं येतात. त्यांना मी आधी कॉम्प्युटरवर बसवत नाही. पाचशेची नोट आणि भिंग देतो. नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापणारा प्रेस आहे, त्यामुळे ही आमच्या जिल्ह्यातलीच विद्या, असं सांगतो. गांधीजींचा चेहरा बारीक रेघांनी घडवला आहे, गालावर रेघा पातळ आणि विरळ, सावलीत जाड आणि दाट. ते बघून झालं की दहा बाय दहा चौकटींचा कागद देतो, प्रत्येक चौकटीत 100 हा आकडा लिहायला लावतो आणि सोळा हिश्श्यांनी हाताने ठिपके भरायला सांगतो. हे करायला वेळ लागतो. काही मुलं कंटाळतात. पण जो ते पूर्ण करतो त्याला पुढे कुठलंही नवं यंत्र घाबरवत नाही. ई-इंकच्या पुस्तकवाचक पाटीला 16 छटा येतात, तिथेही हाच हिशेब चालतो. स्वस्त पडद्यांवर आकाशाचे पट्टे दिसू नयेत म्हणून पडद्याच्या आत हाच हिशेब दर क्षणाला चालू असतो.

मग तिसरं काम देतो, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या घरातल्या एका माणसाचा फोटो आणायचा, फक्त काळ्या ठिपक्यांत तो 25 मिलिमीटरचा छापायचा आणि घरी नेऊन दाखवायचा. कोण आहे हे घरच्यांनी आपणहून सांगितलं तर काम झालं. ‘कुणाचा आहे?’ असा प्रश्न आला तर परत यायचं आणि कोणती खूण बुडाली ते शोधायचं. एक मुलगा आजीचा फोटो घेऊन दोनदा परत आला. तिसऱ्या वेळी त्याने गणिताला हात लावला नाही, आजी कायम मान जरा तिरकी करते हे त्याला आठवलं, आणि त्याने तसा दुसरा फोटो शोधून आणला. त्या फोटोत छटा आधीच्यापेक्षा कमी होत्या आणि आजी पहिल्या नजरेत ओळखू आली. आता तो माझ्याकडे दशक्रियेच्या पत्रिकांचं काम एकट्याने बघतो, आणि फोटो हातात घेतल्यावर पहिला प्रश्न तोच विचारतो.